पानवेलीची उतरण



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हणालो, मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. बोलण्याची सवय आहे ती कारखान्याच्या फाटकाशी. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. मी ख्रिस्ती आहे आणि तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो आहे. मंडळीत काय आणि संघटनेत काय, एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : जुने किती धरावे आणि नवे किती घ्यावे?

मला या प्रश्नाची उकल तुमच्या निमगावच्या पानमळ्यात दिसते. वेल उंच चढली की मळेकरी तिला शेवरीवरून उतरवतो, खालच्या वेलीचे वेटोळे करून मातीत पुरतो आणि शेंडा पुन्हा वर बांधतो. पुरलेल्या जुन्या वेलीला नवी मुळे फुटतात. शेवरी वाळली तर दुसरी लावता येते. वेल मात्र तीच. आता कोणी शेवरीलाच वेल समजू लागला तर? आम्हा ख्रिस्ती लोकांची तशी गफलत पुष्कळदा झाली आहे. मिशनरी मंडळींनी शुभवर्तमान आणले, त्याबरोबर त्यांच्या चाली, त्यांचा पोशाख, त्यांची रीतही आली. आम्ही ती रीतच धर्म समजून बसलो.

वास्तविक देशी रीतही इथे नवी नव्हती. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे 11000 ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. पुढे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत. त्याच तुकोबांची पालखी दर आषाढीला तुमच्या गावी मुक्कामाला असते, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. परंतु बायबल सोडले नाही, ख्रिस्त सोडला नाही. त्यांनी शेवरी बदलली, वेल राखली.

आणि लक्ष्मीबाई? पतीने धर्म बदलला म्हणून त्या एका दिवसात बदलल्या नाहीत. सोवळेओवळे त्यांच्या मनातून हळूहळू गेले; त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधली पाच वर्षे दोघांनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे.

हे सारे वाचूनही मी चुकलोच. वीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत मी ठराव आणला : परदेशी चालींची गीते बंद, यापुढे टाळ-मृदंगावर भजने. संघटनेतला माणूस मी. मते जमविली आणि ठराव मंजूर करून घेतला. पुढल्या रविवारी एक म्हातारी उपासनेला आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी घरी गेलो. ती म्हणाली, “लेकरा, आमच्या मालकांना माती दिली तेव्हा तेच गीत गायलं होतं. तुला ते परदेशी वाटतं. मला ते घरचं वाटतं.”

मला उत्तर सुचले नाही. मी मते मोजली होती, माणसे विचारली नव्हती. नंतर आम्ही पुन्हा बसलो. भजने राहिली, तिचे गीतही राहिले. ती परत आली. पण मध्ये गेलेले रविवार मी तिला परत देऊ शकलो नाही.

मग सगळेच जुने सांभाळावे काय? नाही. आमच्यात आजही सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारणारे आहेत. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही, असे पौलाने स्पष्ट लिहिले आहे. मग ही चौकशी कुठली? तीही परंपराच म्हणतात! उतरणीच्या वेळी मळेकरी कुजलेली वेल पुरत नाही, कापून टाकतो. पुरली तर मळाच बसतो.

म्हणून मी एक साधी कसोटी धरली आहे. या रिवाजाने कोणाला आधार मिळतो, आणि कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागते? त्या म्हातारीच्या गीताने तिला आधार होता आणि कोणाचे दार बंद होत नव्हते. ते राखायलाच हवे होते. जातीच्या चौकशीने दार बंद होते. ती जायलाच हवी. तिथे सर्वांची संमती मिळेपर्यंत थांबणे म्हणजे बाहेर उभ्या असलेल्याला आणखी उभे करणे होय.

शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, असे प्रभूने सांगितले. बंधुभगिनींनो, ही गोष्ट केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांपुरती आहे असे मला वाटत नाही. आपापल्या मळ्यात शेवरी कोणती, वेल कोणती आणि कूज कोणती, हे ज्याने त्याने वाकून पाहावे.