भयाचे माप



कोविड ओसरल्यावर याच मंडळात एका सायंकाळी मोठा वाद रंगला होता. एक पक्ष म्हणे, हा रोग शरीरात कायमचे ठाण मांडतो. दुसरा म्हणे, हे सारे मनाचे खेळ. आम्ही दुसऱ्या पक्षात होतो. आमच्या सौभाग्यवती जिना चढताना मध्येच बसत, तेव्हा ‘आळस झटका’ असे आम्ही त्यांना सुनावीत असू. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच या विकाराची व्याख्या केली होती: संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने न उलगडणारी थकवा, धाप यांसारखी लक्षणे.

त्या वादानंतर आम्ही स्कूटरवरून घरी परतलो, तेही हेल्मेटवाचून! २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात दगावली. त्याची धास्ती आम्हांस कधी वाटली नाही. सवयीचे संकट दिसत नाही आणि नव्याचे एक तर भय वाटते, नाही तर थट्टा. दोन्ही मापे खोटी. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात हे खरे. जे होत नाहीत, त्यांचे दुखणेही तितकेच खरे.

परमुलखात आपणच एकमेकांचे आप्त. कोणी ‘दमलो’ म्हणाले, तर आधी ऐकून घ्यावे, मग डॉक्टरांकडे न्यावे. आणि निघताना हेल्मेट विसरू नये, एवढीच विनंती.