कपाटातले वीस टॅब



परदेशातल्या या मराठी मंडळात येण्याआधी एका कपाटाने माझ्या मनात घर केलं होतं, तिथूनच सुरुवात करते. घाटमाथ्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. पहिली ते पाचवीचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात पोषण आहाराच्या वह्या होत्या आणि मधल्या खणात वीस टॅब. काहींचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. गावातल्याच एका मुलाने परदेशात स्थिरावल्यावर आईच्या स्मरणार्थ ते पाठवले होते. समारंभ झाला, नारळ फुटला, फोटो निघाले. मग पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की वर्गात पिन लावायची जागा एकच आहे. पुढच्या जूनमध्ये पुस्तक बदललं आणि टॅबमधले धडे जुने झाले. दोन टॅब पडून फुटले. डेडस्टॉक रजिस्टरला वीस नग लिहिलेले, तेव्हा फुटलेल्याचा जबाब कोण देणार? शाळेतल्या बाईंनी उरलेल्यांना कुलूप लावलं.

त्या बाईंना मी दोष देणार नाही. त्या मुलाची आईवरची माया आणि गावाबद्दलची ओढ खरी होती. पण आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांनी अशी पार्सलं आपल्या गावी पाठवली आहेत, पुढेही पाठवणार आहेत. म्हणून तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवताना वर्गात यंत्र कधी कामाला आलं आणि कधी नाही, तेवढंच आज सांगते.

हा प्रश्न आजचा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. ज्या खेड्यात पक्का रस्ता नाही तिथे छपरावर तारेच्या जाळीची भलीमोठी थाळी लागली. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिलं होतं, पण ते बघायला ते राहिले नाहीत. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे पुढे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत तिचे कार्यक्रम लावायला आम्ही वर्ग अंधारा करायचो. मुलं अगदी शांत बसायची. ती शांतता बघून मला वाटायचं, किती छान शिकताहेत. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला की कळायचं, त्यांना कार्यक्रमातला बोका आठवतो, बाष्पीभवन आठवत नाही.

मुलं गप्प बसली म्हणजे शिकली असं नाही, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. पुढे हार्वर्डमधल्या एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००४ सालचं काम वाचनात आलं, तेव्हा वाटलं, हे तर माझ्याच वर्गाबद्दल लिहिलंय. भौतिकशास्त्राच्या तासाला प्राध्यापक प्रयोग करून दाखवतात. ज्या विद्यार्थ्यांनी तो नुसता पाहिला, ते न पाहिलेल्यांपेक्षा जवळजवळ पुढे गेलेच नव्हते. ज्यांच्याकडून आधी ‘आता काय होईल’ हे लिहून घेतलं होतं, त्यांना पुष्कळ जास्त कळलं होतं. त्या लिहून घेण्याला लागली होती जेमतेम दोन मिनिटं. प्रयोग तोच, टेबल तेच. फरक एवढाच, की बघण्याआधी विद्यार्थ्याने स्वतःचं मत पणाला लावलं होतं.

आता एक तास जवळून दाखवते. पाचवीचा वर्ग, विषय दशांश अपूर्णांक. फळ्यावर लिहिलं: ०.४ आणि ०.३५, मोठा कोणता? पुढच्या बाकावरच्या तीन मुली हात वर करतात, बरोबर उत्तर देतात, बाई ‘शाब्बास’ म्हणतात आणि तास पुढे जातो. असं मी वर्षानुवर्षं केलं आहे. मागच्या बाकावर काय चाललंय ते मला कधी कळलंच नाही.

मग प्लिकर्स नावाची कार्डं हाती आली. प्रत्येक मुलाला एक चौकोनी कागदी कार्ड. त्यावर काळी-पांढरी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार कडांना चार बारीक अक्षरं. आपल्याला जे उत्तर वाटतं ती कड वर करून मुलाने कार्ड धरायचं. शेजाऱ्याला ते वाचता येत नाही, त्यामुळे बघून लिहिण्याचा प्रश्नच नाही. शिक्षकाने आपला फोन वर्गावरून एकदा फिरवला की पडद्यावर नावं येतात, कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक. वर्गात एकच फोन, तोही शिक्षकाचा. कार्डं कागदावर छापून जाड पुठ्ठ्याला चिकटवली की वर्षभर पुरतात.

पहिल्यांदा फोन फिरवला तेव्हा निम्म्याहून जास्त वर्गाने ०.३५ मोठा म्हटलं होतं. पस्तीस चारपेक्षा मोठेच ना! आणि याला थोडे आपणही कारणीभूत आहोत. आपण सगळे सर्रास ‘पॉइंट पस्तीस’ म्हणतो. तसं वाचलं की कानाला पस्तीसच ऐकू येतात. ‘शून्य पूर्णांक पस्तीस शतांश’ म्हटलं तर निदान शतांश कुठे तरी कानावर पडतो.

पण खरा धक्का दुसऱ्या प्रश्नाला बसला. ०.६ आणि ०.७३, मोठा कोणता? पहिल्या प्रश्नाला ज्यांचं बरोबर आलं होतं त्यांतल्या काही मुलांनी आता ०.६ ची कड वर केली. एकीला जवळ बोलावून विचारलं, कसं गं? ती म्हणाली, ‘बाई, शतांश म्हणजे बारीक तुकडे. बारीक तुकडे असले की आकडा लहान.’ म्हणजे तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं, पण कारण साफ चुकीचं. ती मुलगी हुशारच होती. तुकडे बारीक असतात हे तिला कळलं होतं, ते किती आहेत हे मोजायचं राहिलं होतं. फळ्यावरच्या तासात तिला ‘शाब्बास’ मिळाली असती आणि ती चूक घेऊन ती सातवीपर्यंत गेली असती.

त्यानंतर मी जे केलं त्याला कोणतंही यंत्र लागलं नाही. पूर्वी आम्ही रुपये-पैशांवरून दशांश शिकवायचो. चाळीस पैसे आणि पस्तीस पैसे, प्रश्न मिटला. आताच्या मुलांनी पैसे पाहिलेले नाहीत. २०११ च्या जूनअखेर चार आण्यापर्यंतची नाणी चलनातून गेली. मग शिंप्याकडची टेप आणली. मीटरचे दहा भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. त्या मुलीने ०.६ मीटरला बोट ठेवलं, ०.७३ ला दुसरं बोट ठेवलं आणि किती तरी वेळ दोन्ही बोटांकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, ‘हे पुढे आहे.’

यंत्राकडून मला हवं असतं ते इतकंच. मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते त्याने शिक्षकाला दाखवावं. मुलांना पडद्यावर काय दाखवायचं हा माझ्या लेखी त्यानंतरचा प्रश्न आहे. आपल्याकडची खरेदी मात्र जवळजवळ सगळी उलट्या क्रमाने होते. प्रोजेक्टर येतो, स्मार्टबोर्ड येतो, मोठा टीव्ही येतो. ही सगळी मुलांना दाखवण्याची साधनं. मुलांकडून काही परत येईल असं त्यांत फारच थोडं असतं.

पडद्याची गरजच नाही असं मी म्हणत नाही. जे डोळ्यांना दिसूच शकत नाही, तिथे तो हवाच. विजेचं उदाहरण घ्या. सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा. बल्बच्या आधी प्रवाह जास्त आणि बल्बनंतर कमी, असं बहुतेक मुलांना वाटतं, कारण बल्बने वीज ‘खाल्ली’. खरं तर दोन्हीकडे प्रवाह सारखाच असतो, बल्ब घेतो ती ऊर्जा. तार कापून हे दिसत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातली कितीतरी प्रतिरूपं मराठीत मिळतात, फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात. त्यात तारेतून सरकणारे निळे कण दिसतात, बल्बच्या दोन्ही बाजूंना मीटर लावता येतो. पण माझा क्रम ठरलेला आहे. आधी मुलांनी खरा बल्ब पेटवायचा, बोटांना चटका बसला तरी चालेल. मग प्रत्येकाने वहीत आपला अंदाज लिहायचा. पडदा त्यानंतर. हाताला काम आधी, ही गोष्ट अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आम्हा शिक्षकांच्या मनावर पक्की ठसवली. त्यांचं ऋण माझ्या पिढीवर फार मोठं आहे.

आकडे विचारणारे अनेकजण इथे आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ३१९ शाळांतली पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या हातात यंत्रं आली होती, पण गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. तेच हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या खैराटलाही आले होते. दुसरी गोष्ट वडोदऱ्याची. महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून फक्त दोन तास, एका संगणकावर दोघांनी मिळून, आपापल्या वकुबानुसार गणिताचे खेळ खेळायला दिले. काम ‘प्रथम’ संस्थेचं, मोजणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. तिथे गणितात स्पष्ट वाढ दिसली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातली बरीचशी ओसरली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. मला यातून जे दिसतं ते असं, की यंत्रांची संख्या वडोदऱ्यात कमी होती, पण मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात होत होती.

आपल्या मातीतलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, त्यातून कविता, गोष्टी, पाठ मुलांच्या घरी पोहोचले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना देऊन टाकला. सगळे कोडबद्दल बोलतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की ज्यांची घरची भाषा कन्नड होती त्या मुलांना कळेल अशा भाषेत त्यांनी आधी पुस्तकं आणली. कोड त्यानंतर आला. आणि त्याच २०२० मध्ये, शाळा बंद असताना, पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर भोंग्यावरून धडे लागत होते. झाडाखाली अंतर ठेवून बसलेली मुलं त्या आवाजामागून कविता म्हणत होती. ज्यांच्या घरात फोनच नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचायला तेव्हा भोंगाच उपयोगी पडला.

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत काल तासभर बसले. शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, मुलांचा ‘ळ’ काही केल्या येत नाही, एखादं ॲप आहे का? मी म्हटलं, फोनमधला रेकॉर्डर पुरे. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात शब्दांच्या जोड्या: वेळ-वेल, काळ-काल, मूळ-मूल, माळ-माल. त्याने एक शब्द बोलून रेकॉर्ड करायचा, दुसऱ्याने ऐकून लिहायचं की कोणता ऐकू आला. चुकलं तर दोघांनी मिळून पुन्हा ऐकायचं. बोलून टाइप करणारी सोय यासाठी वापरू नका, कारण ती आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते, मूल ‘वेल झाली’ म्हणालं तरी ‘वेळ झाली’ उमटू शकतं आणि चूक झाकली जाते. तुमच्या मुलांची आजी सांगलीत किंवा चिपळूणला असेल, तर तिच्या आवाजातले हेच शब्द मागवून घ्या. एका मुलाने काल स्वतःचा ‘मूळ’ चार वेळा ऐकला, पाचव्यांदा जीभ मागे वळवली, आणि त्याच्या मैत्रिणीने बरोबर लिहिलं. तिने ती वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली.

आता त्या कपाटाकडे परत जाते. निघण्यापूर्वी त्या बाईंना मी फोन केला होता. कपाट उघडलंय. वीसपैकी तेरा टॅब चार्ज होतात. पाचवीची मुलं जोडीने बसतात, दुपारी चाळीस मिनिटं, आणि गटात कोण कुठे अडलं ते बाई एका साध्या वहीत लिहितात. मी विचारलं, मंडळापुढे बोलणार आहे, तुम्हाला काय हवंय ते सांगा. त्यांनी रात्री यादी पाठवली. बॅटरीसकट एक इन्व्हर्टर. लांब वायरचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड. कार्डांसाठी जाड पुठ्ठा. नव्या पुस्तकाचे धडे टॅबमध्ये भरून देणारं कोणी तरी. देणगीच्या पत्रात एक ओळ, की वापरताना वस्तू फुटली तर शिक्षकांकडून भरपाई घेऊ नये. आणि शेवटी, महिन्यातून एकदा शुक्रवारी दुपारी फोन करून ‘या महिन्यात मुलं कुठे अडली’ असं विचारणारा एक माणूस.

यादी माझ्या पर्समध्ये आहे. तुमच्याकडे शुक्रवारची पहाट असते तेव्हा तिकडे दुपार होते. चहाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबते.