सामन्याचा दिवस आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विचारले, "यंदा तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "फुटबॉलवर." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, तो पुरुषांचा विषय." मी त्यांना एवढेच म्हटले, की कोल्हापुरातल्या कोणत्याही पेठेत जा आणि गच्चीवरच्या दोरीकडे पाहा. साड्यांच्या आणि टॉवेलांच्या मध्ये एक तरी जर्सी वाळत असते. ती घालणारा पुरुष असतो, पण तिचा चिखल काढणारे हात आपलेच असतात. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा आपला हक्क आहे, असे मला वाटते.

आपल्या गावात हा खेळ तालमीत वाढला, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या मुलांना ते सांगायला हवे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठेपेठेत तालमी घुमू लागल्या. पुढे त्याच तालमींतल्या पोरांनी चेंडूला पाय लावला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिला आपण सगळे के.एस.ए. म्हणतो. म्हणून तर आपल्या संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे जरा निराळी, पण रीत तीच. परगावचा पाहुणा विचारतो, "तालमीचा आणि फुटबॉलचा काय संबंध?" त्याला काय सांगावे! आपल्याकडे तालमीचा गणपती असतो, तालमीची शिवजयंती असते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली तेव्हा जेवणाची पाकिटे घेऊन पाण्यात उतरली ती तालमीचीच मुले होती. तालीम हे पेठेचे मोठे घर आहे. त्या घराची अकरा मुले मैदानात उतरली, की सारी पेठ त्यांच्यामागे उभी राहते.

आता सामन्याचा दिवस कसा असतो ते सांगते. आमच्या घरी धाकटे दीर आठ वर्षे तालमीकडून खेळले, त्यामुळे मला तो दिवस चुलीपासून ठाऊक आहे. आदल्या रात्री तांबड्या रश्श्याचे नाव काढायचे नाही. सकाळी वरणभात, दोन चपात्या, एक केळे. तेही सामन्याच्या तीन तास आधी. दीर त्या दिवशी कोणाशी बोलत नसत. सासूबाई अंबाबाईचा अंगारा त्यांच्या कपाळाला लावीत आणि बुटांनाही बोट लावीत. बुटाला अंगारा लावावा का, यावर आमच्याकडे फार वाद झाले. पण ज्या दिवशी लावला नाही त्याच दिवशी पेनल्टी हुकली, त्यामुळे वाद मिटला.

दुपार झाली की पेठेतून हलगी सुरू होते. कामावरची माणसे काही ना काही कारण काढून लवकर परततात. झेंडे निघतात, लहान पोरे पुढे, म्हातारे मागे. रावणेश्वराच्या देवळाजवळ आले की स्टेडियमचा आवाज कानावर येतो. जुनी माणसे सांगतात, की या जागी पूर्वी रावणेश्वराचे तळे होते. आज तिथे शाहू स्टेडियम आहे. पाणी गेले, पण लाटा काही गेल्या नाहीत, असे मला तिथल्या गर्दीकडे पाहून वाटते.

प्रत्येक तालमीची बसायची बाजू जणू ठरलेली. उन्हाने पायऱ्या तापलेल्या असतात. म्हणून मी घरून जुनी सतरंजी नेते आणि भडंगाची पिशवी नेते. शेजारी ओळखीचे नसले तरी पहिल्या दहा मिनिटांत भडंग वाटले जाते. मग खेळ सुरू होतो. मला सगळे नियम ठाऊक आहेत असे मी म्हणणार नाही, पण ऑफसाइड मला माझ्या यजमानांपेक्षा लवकर दिसतो, हे त्यांनीही कबूल केले आहे. कॉर्नर मिळाला की सगळी गॅलरी उभी राहते, चेंडू हवेत असतो तेवढा वेळ हजारो माणसे श्वास रोखून धरतात. आणि गोल झाला की पुढच्या पायरीवरचा अनोळखी म्हातारासुद्धा आपल्या मुलाला मिठी मारतो. टायब्रेकरला मात्र मी डोळे मिटून घेते. आवाजावरूनच कळते की चेंडू आत गेला की बाहेर.

अलीकडच्या वर्षांत आफ्रिकेतली मुलेही आपल्या तालमींकडून खेळून गेली. आमच्या गल्लीत असा एक मुलगा दोन महिने राहिला होता. पहिल्या दिवशी त्याला ठेचा सोसला नाही. महिन्याने तो स्वतः मागून घेऊ लागला. जाताना तो सासूबाईंच्या पाया पडला. आणि आपली मुलेही दूर गेली. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या रात्री आमच्या गल्लीत मंगळवार पेठ, शिवाजी पेठ असा भेद कोणी केला नाही. सगळेच कोल्हापूर.

इथेच माझ्या मनातली गोष्ट येते. माझे माहेर एका पेठेत आणि सासर दुसऱ्या पेठेत. नावे घेत नाही. तुम्हांला ठाऊक आहेत, आणि इथे दोन्हीकडच्या बसल्या आहेत. लग्न ठरले तेव्हा माझ्या वडिलांनी पत्रिका पाहिली, घर पाहिले, आणि शेवटी म्हणाले, "सगळे ठीक आहे, पण तालीम त्यांची!" आज मी सासरच्या तालमीच्या बाजूला बसते. ज्या घरचे मीठ खाल्ले त्या घरचा झेंडा धरावा, यात मला काही संकट वाटत नाही. माझा भाऊ मला चिडवतो, मी त्याला चिडवते. भाऊबीजेला ओवाळताना मागच्या सामन्याचा निकाल निघतोच. ही ईर्षा गोड आहे. ती नसती तर सामन्याला चव नसती.

पण ईर्षा निराळी आणि वैर निराळे. काही वर्षांपूर्वी आमच्या दोन तालमींचा सामना होता. समोरचा गोलकीपर माझ्या भावाचा मुलगा. त्याने आमचे दोन चांगले फटके अडवले, तेव्हा माझ्या मागच्या पायरीवरच्या चार-पाच मुलांनी त्याला आईवरून शिव्या द्यायला सुरुवात केली. मुले आमच्याच पेठेतली, आमच्याच दारात वाढलेली. मी मागे वळले आणि म्हटले, "बाळांनो, त्याची आई माझी वहिनी आहे. दर दिवाळीला तिच्या हातच्या करंज्या आमच्या घरी येतात, तुमच्यातल्या दोघांनी त्या खाल्ल्याही आहेत. आता काय म्हणायचे ते तिच्या नणंदेच्या तोंडावर म्हणा." ती मुले खाली पाहू लागली. एकजण पुटपुटला, "काकू, सवय झालीय." सामना संपेपर्यंत त्या पायरीवरून ओरडणे पुष्कळ ऐकू आले, पण शिवी आली नाही. त्या दिवशी आम्ही हरलो. भाचा जाताना कुंपणाजवळ आला आणि लांबूनच हात जोडून गेला.

"सवय झालीय", हा त्या मुलाचा शब्द माझ्या मनातून जात नाही. शिवीची सवय, मग बाटली फेकण्याची सवय, मग दगडाची. हुल्लड झाली की सामना थांबतो, पोलीस येतात, आणि नाव मात्र साऱ्या गावाचे जाते. घरी आईला कळते तेव्हा मुलाच्या डोक्याला टाके पडलेले असतात, नाहीतर त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला असतो. नोकरीच्या वेळी तो कागद आडवा येतो. खेळणाऱ्याचे दुःख आणखी निराळे. आमच्या दिरांचा गुडघा एका सामन्यात गेला. ज्याच्याशी टक्कर झाली तो दुसऱ्या तालमीचा मुलगा. पेठेत नाही नाही ते बोलले गेले. पण तिसऱ्या दिवशी त्या मुलाची आई दवाखान्यात डबा घेऊन आली. सासूबाईंनी डबा घेतला आणि तिला शेजारी बसवून घेतले. दोघी काही फार बोलल्या नाहीत. पण त्यानंतर पेठेतली बडबड बंद झाली.

मैत्रिणींनो, म्हणून माझे सांगणे आहे, की आपण मैदानावर जायला हवे. वर्षातून एकदा अंतिम सामन्याला नटूनथटून नव्हे, तर साध्या लीगच्या सामन्यालाही. चार-चौघींनी मिळून जावे, म्हणजे संकोच वाटत नाही. जिथे आई, आत्या, मावशी बसलेली असते तिथे पोराची जीभ आपोआप आवरते. मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्यांकडेही आपल्या मंडळाने मागणी करावी, की बायकांना बसायला नीट जागा, स्वच्छ शौचालय आणि पिण्याचे पाणी असावे. हे काही मोठे मागणे नाही. पण ते नसल्यामुळे कितीतरी जणी घरी राहतात.

दुसरे असे, की मुलींनाही चेंडू द्यावा. माझी पुतणी शाळेच्या संघात खेळते. तिच्या आईला प्रथम लोक काय म्हणतील याची काळजी होती. आता ती माऊली बुटाला अंगारा लावते.

आणि तिसरे, हरून आलेल्या मुलाला घरी टाकून बोलू नये. गुलाल उधळणारे शंभर हात असतात. हरलेल्याच्या पुढे ताट ठेवणारा हात एकच असतो, तो आपला असावा.

आपल्या तालमीसाठी घसा बसेपर्यंत ओरडा. मीही ओरडते. पण समोरच्या गोलात उभा असलेला मुलगाही कोणाच्या तरी दोरीवरची जर्सी घालून आला आहे, हे आपण बायका विसरणार नाही, आणि आपल्या मुलांनाही विसरू देणार नाही.