डबा हाच धडा



बालवर्गातील मुलाकडून ‘लोह’ हा शब्द पाठ करून घेण्याने काय साधणार? त्यापेक्षा त्याचा डबा उघडून पाहा. पुष्कळांच्या डब्यात बिस्किटे असतात. काही मुले तर नुसता चहा-खारी खाऊन येतात आणि दुसऱ्या तासाला पेंगतात. आपण त्यांना आळशी म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. मग आपल्या वर्गातली किती मुले आळशी आणि किती अशक्त, हे कोणी पाहिले?

उपाय महाग नाही. जेवणाबरोबरचा चहा डाळी-भाज्यांतले लोह अंगी लागू देत नाही; लिंबाची फोड त्याला मदत करते. शिक्षिकेने मुलांकडून मेथी निवडून घ्यावी, मटकीला मोड कसे येतात ते दाखवावे, लिंबू त्यांनाच पिळू द्यावे. स्वतःच्या हातची उसळ मूल सहसा टाकत नाही.

उद्या डबा भरताना मुलाला शेजारी बसवा. शाळेतला धडा तेथेच पुरा होईल.