मोटारीचा रंग आणि रस्त्यावरचें मीठ

जखमेवर मीठ चोळणें हा वाक्प्रचार मराठींत माणसाच्या दुःखाविषयीं योजला जातो. कॅनडांत आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत तो मोटारीच्या बाबतींत दर हिवाळ्यांत शब्दशः खरा ठरतो. टोरांटो, शिकागो, डिट्रॉइट अशा शहरांतून आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. कोंकणांत समुद्राकांठच्या घरांचे लोखंडी गज खाऱ्या वाऱ्यानें कसे पापुद्रे धरून झडतात, हें त्यांतील कित्येकांनीं लहानपणीं पाहिलेलें असतें. परंतु समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या गांवीं तोच गंज आपल्या मोटारीस लागावा, याचें त्यांस प्रथम नवल वाटतें.

याचें कारण रस्त्यावरच असतें. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतें. त्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें अधिक थंडीपर्यंत पातळ राहतें. वजनानें शेंकडा सुमारें २३ भाग मीठ असलेलें पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाहीं. या गुणाचा उपयोग करून रस्त्यावरील बर्फ वितळविण्याचा प्रयोग अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यानें १९३८ सालीं केला, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून तें तेथील नेहमींचें धोरण झालें. आज या कामासाठीं लागणारें पुष्कळसें मीठ खाणींतून निघतें. कॅनडांतील गॉडरिच येथील प्रसिद्ध खाण ह्यूरॉन सरोवराच्या तळाखालीं सुमारें १८०० फूट खोल आहे. उणे दहा अंशांच्या आसपास साधें मीठ मंदावतें. म्हणून कडाक्याच्या थंडींत कॅल्शिअम क्लोराइड किंवा मॅग्नेशिअम क्लोराइड हीं द्रव्यें वापरतात. या उपायानें निसरड्या रस्त्यांवर प्राण वांचतात. तेव्हां मिठाला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याची किंमत मोटारीनें किती द्यावी, एवढाच प्रश्न मालकाच्या हातीं उरतो.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. मीठ रंगाला खातें, असें पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः मोटारीचा आधुनिक रंग मिठाला सहसा दाद देत नाहीं. पत्र्यावर प्रथम गंजरोधक अस्तर, मग रंग आणि शेवटीं पारदर्शक लेप असे थर असतात; परंतु या सर्वांची मिळून जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या भागाइतकीच भरते. पुढच्या गाडीच्या चाकानें उडविलेला एखादा खडा हें कवच सहज भेदतो. मोहरीएवढा टवका उडतो आणि खालचा पत्रा उघडा पडतो. गंज चढण्यास पाणी आणि हवा लागतात; पाण्यांत मीठ असलें म्हणजे त्यांतून विद्युत्प्रवाह सुलभतेनें वाहतो व ती क्रिया फार वेगानें चालते. गंज मूळच्या लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो कडेच्या रंगाला खालून उचलतो, रंगावर फोड येतो, आणि मोहरीएवढी जखम रुपयाएवढी होते.

यावरून उपायाचा क्रम आपोआप ठरतो. पहिलें काम हिवाळ्यापूर्वींचें. थंड हवेंत रंग नीट वाळत नाहीं. म्हणून शरद ऋतूंतच मोटार स्वच्छ धुवून, उन्हांत उभी करून, बॉनेट, दारांच्या कडा आणि चाकांमागील भाग बारकाईनें तपासावा. जेथें टवका उडाला असेल तेथील गंज बारीक पॉलिशकागदानें घासून काढावा आणि अस्तर, रंग व पारदर्शक लेप हे तिन्ही थर, पहिला वाळल्यावर दुसरा, अशा रीतीनें द्यावे. त्यानंतर सर्वांगास मोटारीचें चांगलें मेण लावावें. मेणामुळें खारें पाणी चिकटून राहत नाहीं व धुणें सोपें जातें. परंतु मेण हें जखमेचें औषध नव्हे. टवक्यावर नुसतें मेण फांसून समाधान मानणें म्हणजे फुटक्या कौलावर चुना फिरविण्यासारखें आहे.

दुसरें काम ऐन हिवाळ्यांतलें. दर आठ-दहा दिवसांनीं, आणि तापमान शून्याच्या वर चढेल त्या दिवशीं अवश्य, मोटार धुवावी. प्रथम साध्या पाण्याची जोरदार धार खालच्या बाजूस आणि चाकांच्या कमानींत मारावी. मीठ व वाळू वाहून गेल्याखेरीज फडकें फिरवूं नये. नाहींतर तेच कण रंगावर ओरखडे काढतात. भांडीं घासण्याचा साबण मेण उतरवितो, म्हणून तो टाळावा. धुतल्यावर दारांच्या कडा व कुलपें कोरडीं करावीं, म्हणजे दारें गोठून बसत नाहींत.

तिसरी गोष्ट अनेकांस उलटी वाटेल. मिठानें माखलेली मोटार उबदार गॅरेजमध्यें आणून ठेवणें हें तिच्यावर प्रेम करणें नव्हे. कडक थंडींत गंजाची क्रिया मंद असते. उबेंत मीठमिश्रित बर्फ वितळतो आणि तीच क्रिया रात्रभर जोरानें चालते. मोटार आंत घ्यावयाची तर धुवूनच घ्यावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. रंगाचें डोळ्यांना दिसतें. तळाचें दिसत नाहीं. एखादा गृहस्थ दर रविवारीं बॉनेट आरशासारखें चमकवितो, आणि त्याच वेळीं खालीं ब्रेकच्या तेलाच्या लोखंडी नळ्या गंजून पातळ होत असतात. अशी नळी एक दिवस ऐन वेळीं फुटली, तर हानि केवळ शोभेची राहत नाहीं. म्हणून दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं छिद्रें मोकळीं राखावीं, तळास दरसाल गंजरोधक तेलाचा फवारा द्यावा आणि वसंताच्या आरंभीं जाणत्या कारागिराकडून नळ्या तपासून घ्याव्या. बुटांबरोबर आंत आलेलें मीठ जाजमाखालीं मुरतें, तेंही त्याच वेळीं धुवून काढावें.

मीठ हिवाळ्याबरोबर येणारच. पण चोळावयास जखमच सांपडली नाहीं, तर तें धुण्याच्या पाण्याबरोबर निमूटपणें निघून जातें.