मुलींचं रक्त आणि जेवणावरचा चहा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आयोजकांनी करिअरवर बोला म्हटलं होतं, मी विषय बदलून मागितला. पुस्तक उघडलं की पंधरा मिनिटांत जिचे डोळे मिटतात, तिला करिअरचं काय सांगणार? आधी तिचं हिमोग्लोबिन बघायला हवं.

माझी भाची सोळा वर्षांची. जिना चढला की धाप, केस गळायचे, दुपारभर झोप. घरात सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं: मोबाईल. तिची दादी म्हणायची, आजकालच्या पोरीच नाजूक. मग ती पाटीवरची पेन्सिल खाताना सापडली आणि आपाने तिला तपासणीला नेलं. हिमोग्लोबिन ८.६. या वयाच्या मुलीत ते निदान १२ तरी हवं. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं.

ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला, त्याच वयाच्या मुलांमध्ये ३१ टक्के. पाळीत रक्ताबरोबर लोह जातं, हे एक कारण. दुसरं दस्तरखानावर सापडतं. आपल्याकडे गोश्त होतं, मग अशक्तपणा कसला, असं आपण म्हणतो. आठवड्यातून किती वेळा होतं, आणि कलेजी कुणाच्या ताटात पडते, ते जरा आठवून बघा. जी पोरगी सगळ्यांना वाढते, तिच्या वाट्याला रस्सा उरतो. डाळ-चपातीतलं लोह शरीर गोश्तातल्या लोहाइतकं सहज घेत नाही. त्यात जेवणावर लगेच चहा! चहा ते लोह आतड्यात शोषू देत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. ताटात लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा, त्याने लोह शोषलं जातं. इतक्या कमी खर्चात इतका फरक माझ्या धंद्यातही क्वचितच दिसतो.

पण आकडा ८.६ असेल तर लिंबू पुरत नाही, गोळ्याच लागतात, डॉक्टर सांगतील तितक्या. हिमोग्लोबिन भरलं तरी पुढे दोन-तीन महिने घ्यायच्या, कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. शौच काळी होते, मळमळतं, अम्मी घाबरून गोळी बंद करते. या गोळ्यांनी शौच काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. रमजानात रात्रीच्या जेवणानंतर घेता येते.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याच कामाची. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना ती फुकट मिळते, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीतून. 'या गोळीने पुढे मूल होत नाही' ही कुजबुज मी स्वतः ऐकली आहे. साफ खोटं आहे. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं, आणि कुजबुज करणारे तेव्हा दवाखान्यात नसतात.

गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांना थॅलेसीमियाच्या तपासणीबद्दल विचारा. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसीमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. चाचा-मामूच्या घरात रिश्ते होतात, तिथे ही तपासणी मंगनीच्या आधी मागा. मुलांनो, हे तुम्हालाही सांगतोय. मागणी मुलाकडून आली तर कुणी नाव ठेवत नाही.

आता प्रश्न. पाळीबद्दलचे असतील तर चिठ्ठीवर लिहा, नाव नको. मी त्या मोठ्याने वाचणार नाही, मागे बसलेल्या डॉक्टर बाईंकडे देईन.