पहिले काही महिने सोबत राहा

(पदवीच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



थोड्याच दिवसांत धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या भागांतून बारावी झालेली मुले-मुली जळगाव, नाशिक, पुण्याच्या महाविद्यालयांत दाखल होतील. त्यांचे स्वागत तुम्ही करावे, हे सांगण्यासाठी आज मी उभा आहे. स्वागत म्हणजे गुलाबाचे फूल आणि फोटो असे मी समजत नाही. आज आलेला विद्यार्थी दिवाळीनंतरही वर्गात बसलेला दिसला, तर त्याचे स्वागत झाले असे मी म्हणेन.

दिवाळी का? आपल्याकडे शिक्षण सोडणारा मुलगा "मी शिक्षण सोडले" असे सांगत नाही. तो "घरी जाऊन येतो" म्हणतो आणि एस.टी.त बसतो. शेतात काम असते, आई आजारी असते, खिशात पैसे नसतात. परत जायचे एकेक आठवड्याने लांबते. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी गावात येते. घरच्यांनी उचल घेतलेली असते. मग तोही आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर फक्त त्याचे नाव उरते.

हे बुद्धी कमी पडली म्हणून होत नाही. आश्रमशाळेत राहून बारावी पार केलेले मूल कच्चे नसते. त्याच्या अडचणी बहुधा लहान असतात, पण त्या कोणाला विचाराव्यात हे त्याला कळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' हा नवागतांसाठीचा कार्यक्रम आणला. नव्या मुलांची ओळख व्हावी, संस्थेशी नाते जुळावे, नियम समजावेत, शिक्षक व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांची सोबत मिळावी, असा त्याचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणी तो एका सभागृहातील दोन तासांच्या भाषणांत संपतो. तेथे शेवटच्या रांगेत बसलेली आपली मुलगी हात वर करून "शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा?" असे विचारणार नाही. तुम्हांला मात्र ती विचारील, कारण तुम्ही तिच्याशी भिलीत, पावरीत, मावचीत बोलू शकता. मराठी ही तिची शाळेत शिकलेली भाषा आहे आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची.

म्हणून काय करायचे, ते नेमके सांगतो.

पहिले, कागद तपासा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आहे का, ते पाहा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्जाची पावती जपायला सांगा. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा, हे अनेकांना ठाऊक नसते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पात्र विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तीत जेवणाचा व राहण्याचा खर्च थेट खात्यात जमा होतो. शेजारी बसून अर्ज भरून घ्या. नुसती माहिती देऊन थांबू नका.

दुसरे, शब्द समजावून सांगा. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण आले. मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द ऐकून नवा मुलगा गोंधळतो आणि शेजारचा जे निवडतो तेच निवडतो. कोणता विषय का घ्यावा, अंतर्गत गुण कशाचे मिळतात, हजेरी किती लागते, हे तुम्ही अनुभवाने शिकला आहात. तेच एका संध्याकाळी, जेवणानंतर, आपल्या भाषेत सांगा.

तिसरे, पैशांबद्दल आधीच बोला. शिष्यवृत्ती उशिरा येते, खाणावळीचे पैसे मात्र महिन्याला द्यावे लागतात. याच मधल्या काळात मुले घरी जातात. खाणावळवाल्याशी बोलायला त्याच्याबरोबर तुम्ही जा. जुनी पुस्तके द्या. पैशांची अडचण सांगण्यात लाज नाही, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

मुलींसाठी मुलींनीच पुढे यावे. खोली कुठे सुरक्षित, संध्याकाळी कोणत्या रस्त्याने यावे, दुखले-खुपले तर कोणत्या दवाखान्यात जावे, हे ताईच सांगू शकते.

आता काय करायचे नाही, तेही ऐका. 'इंट्रो'च्या नावाखाली कोणाला उभे करू नका, गाणे म्हणायला लावू नका, बोलीवरून हसू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी आपल्या मुलांना छळत असेल, तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून द्या. मदतीच्या बदल्यात कोणाला आपल्या पक्षाकडे, मंडळाकडे किंवा प्रार्थनेला ओढू नका. मदत करताना त्याचा पाडा, जमात, धर्म विचारायची गरज नाही. सेवेला अट घातली की तिचा व्यवहार होतो.

सगळे ओझे तुमच्या खांद्यावर घेऊ नका. कोणी जेवत नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, तर त्याला एकटे सोडू नका. वसतिगृहप्रमुखांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना लगेच सांगा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

शेवटी एक काम देतो. आज जाण्यापूर्वी प्रत्येकाने तीन नव्या मुलांची नावे वहीत लिहून घ्यावीत. त्यांना चार वेळा भेटायचे: पहिल्या दिवशी, पहिला आठवडा संपताना, पहिल्यांदा घरी जायला निघतील तेव्हा, आणि दिवाळीची सुट्टी संपताना. तिसऱ्या भेटीत एवढेच विचारा, "परत कोणत्या गाडीने येणार? मी स्टँडवर येतो." आपली वाट पाहणारे कोणी आहे, हे कळले की परतीची वाट सोपी होते.

देव तुमच्या या कामाला यश देवो.